विद्यार्थी कार्यकर्ते आणि घरोघरी प्रचार: 32 जण, 14 दिवस, सुरुवात कुठून करावी?

पहिला_प्रचार

आमच्या शहरी मतदारसंघात विधानसभेची पोटनिवडणूक लागेल असे दिसते. एका अपक्ष उमेदवारासाठी आम्ही 32 विद्यार्थी काम करणार आहोत. त्यांतले 22 जण याच मतदारसंघाचे मतदार आहेत. उरलेले 10 वसतिगृहात राहतात, त्यांची नावे गावाकडच्या यादीत आहेत. कुणालाही पैसे मिळणार नाहीत आणि कुणी मागितलेलेही नाहीत.

सभा, दुचाकी फेरी, रील्स, पत्रकवाटप, घरोघर भेटी, सगळेच करावेसे वाटते. पण कॉलेज सांभाळून एवढे होणार नाही. इतक्या माणसांत नेमके काय केले तर मते वाढतात? कामाची वाटणी कशी करावी? आणि कुठली चूक केली तर उमेदवारच अडचणीत येतो? कृपया आकड्यांसकट सांगा, म्हणजे त्यावर वेळापत्रक बसवता येईल.

यादी_फोडणारा

आधी दिवस मोजा. अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर मतदानापर्यंत कायद्याने किमान 14 दिवस असतात. 2024 च्या विधानसभेला माघारीचा शेवटचा दिवस 4 नोव्हेंबर होता आणि मतदान 20 नोव्हेंबरला झाले. जाहीर प्रचार 18 तारखेला संध्याकाळी थांबला, म्हणजे हातात 14 दिवस आले. अपक्षाला चिन्ह माघारीनंतरच मिळते. त्यामुळे चिन्ह असलेले एकही पत्रक त्याआधी छापता येत नाही. पक्षाच्या उमेदवाराचे चिन्ह वर्षानुवर्षे भिंतीवर असते, तुमचे 14 दिवसांपूर्वी जन्मलेले असते. सगळे नियोजन याच गोष्टीभोवती करा.

आता माणसे. कागदावर 32 असले तरी प्रॅक्टिकल, जर्नल, आजारपण, घरचे कार्य यांमुळे रोज संध्याकाळी 20 आले तर भरपूर समजा. त्यांच्या 10 जोड्या होतात. एक जोडी 5:30 ते 8:30 या वेळेत बंद दारे धरून 30 घरे नीट करते. यापेक्षा जास्त आकडा कुणी सांगितला तर तो पत्रक दारात सरकवून पुढे गेलेला असतो. 10 जोड्या गुणिले 30, म्हणजे 300 घरे. शहरातल्या एका बूथवर 1,100 च्या आसपास मतदार धरले (निवडणूक आयोगाने 2025 मध्ये कमाल मर्यादा 1,500 वरून 1,200 केली आहे) तर घरे साधारण तेवढीच निघतात. थोडक्यात, एका संध्याकाळी एक बूथ.

म्हणून तुमच्या वाट्याला 6 बूथ घ्या, जास्त नाही. सहा संध्याकाळी पहिली फेरी होईल. पुढच्या तीन दिवसांत फक्त बंद घरे आणि डळमळीत घरे करा, शेवटचे तीन दिवस चिठ्ठीवाटप (मतदाराला त्याचा अनुक्रमांक आणि केंद्र सांगणारी चिठ्ठी). दोन दिवस पाऊस, सण, परीक्षा यांत जातात असे गृहीत धरा. पूर्ण मतदारसंघात तीनशेहून जास्त बूथ असतील, त्यात 6 म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण 32 मुले तीनशे बूथवर पसरली तर कुठल्याच दारात दुसऱ्यांदा जात नाहीत. अनोळखी अपक्षाला मत मिळते ते दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत.

हे 6 बूथ कुठले, हे नकाशावर ठरवू नका. एकाच शाळेच्या इमारतीत भरणारे बूथ निवडा. शहरात एका शाळेत पाच-सहा खोल्यांत पाच-सहा बूथ असणे नेहमीचे आहे. मतदानाच्या दिवशी याचा मोठा फायदा होतो, त्याबद्दल बाकीचे लिहितीलच.

मग यादी फोडायला बसा. मतदार यादी भागवार (एक भाग म्हणजे एका बूथची यादी) पीडीएफमध्ये उतरवून घेता येते, पण ती प्रतिमेच्या स्वरूपात असते, शोध चालत नाही. मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना यादी मोफत मिळते, अपक्षाला विकत घ्यावी लागते. त्याची पावती खर्चात धरायला ठेवा. यादीतले घर क्रमांक शहरात फारसे विश्वासाचे नसतात. एकाच सोसायटीची अ इमारत एका भागात आणि ब इमारत दुसऱ्या भागात असते, एकाच घरातली आई एका बूथवर आणि मुलगा दुसऱ्या बूथवर असतो. म्हणून अनुक्रमांकाने चालू नका. यादीतल्या नावांचे इमारतीप्रमाणे, गल्लीप्रमाणे गठ्ठे करा. इमारतीचे नाव, मजला, खोली, कुटुंबातली नावे, प्रत्येकापुढे भाग क्रमांक आणि अनुक्रमांक, एवढे एका ओळीत आले की तक्ता तयार. चार मुलांना एका बूथसाठी साधारण दीड दिवस लागतो. हे काम चिन्ह मिळायच्या आधी करायचे, कारण त्या काळात दुसरे काही करता येत नाही.

तक्त्यात शेवटच्या रकान्यात सहाच शेरे ठेवा: हो, बघू, नाही, बंद, गेले, मयत. शेरा दारात उभे राहून लिहू नका, एक मजला उतरून जिन्यात लिहा. समोरच्या माणसाला आपल्या नावापुढे खूण झालेली दिसली की पुढच्या वेळी दार उघडत नाही.

सगळ्यात मोठी गफलत ‘हो’ या शेऱ्यात होते. मराठी माणूस दारात आलेल्या मुलाला तोंडावर नाही म्हणत नाही. ‘हो हो, करू की’, ‘तुम्हालाच आहे’, ‘आमचं घर तुमचंच समजा’ ही निरोप द्यायची वाक्ये आहेत. मुले आनंदाने ‘हो’ लिहितात आणि रात्री बेरीज केली की बूथवर 60 टक्के पाठिंबा निघतो. नियम असा ठेवा: माणसाने आपणहून उमेदवाराचे नाव किंवा चिन्ह उच्चारले, किंवा ‘चार पत्रके द्या, शेजारी देतो’ असे काही केले, तरच ‘हो’. बाकी सगळे ‘बघू’. पहिल्या फेरीत ‘हो’ दहातले एक-दोन आले तर तक्ता खरा आहे. दहातले सहा आले तर ती जोडी बदला, किंवा तीच घरे दुसऱ्या जोडीकडून तपासून घ्या.

जिना_उतरता_उतरता

वरच्या उत्तरात दाराशी काय बोलायचे ते राहिले आहे, म्हणून लिहिते.

सोसायटीत थेट जाऊ नका. आदल्या दिवशी सेक्रेटरीला पत्र द्या: किती जण, कोणत्या वेळेत, किती वेळ. वॉचमनला त्या पत्राची झेरॉक्स द्या, नाहीतर तो फाटकातच अडवतो आणि त्याचे काही चुकत नाही. लिफ्टने वरच्या मजल्यावर जायचे आणि जिन्याने खाली उतरायचे. खालून वर चढत गेलात तर चौथ्या मजल्यावर दम लागतो आणि बोलणे आखूड होते.

वेळेचा सरसकट नियम नसतो. फ्लॅटमध्ये संध्याकाळी 6 ते 8:30 आणि रविवारी 10 ते 1. दुपारी 1 ते 4 फ्लॅटची बेल वाजवायची नाही. वस्तीत मात्र उलट असते. घरकामाला जाणाऱ्या बायका दुपारी 2 ते 4 घरी सापडतात, संध्याकाळी त्या दुसऱ्या फेरीच्या कामावर असतात. टँकर येण्याची किंवा नळाला पाणी सुटण्याची वेळ विचारून घ्या आणि ती सोडून जा.

बोलणे 40 सेकंदांचे पाठ करून घ्या. साधारण असे: ‘नमस्कार काकू, मी अमुक कॉलेजला शिकते. तमुक उमेदवारांसाठी आलोय, त्यांचं चिन्ह हे. तुमच्या भागातली सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट कोणती?’ एवढे म्हणून गप्प बसायचे. पहिला प्रश्न त्यांच्याबद्दल असला की माणूस बोलतो. ‘मत देणार ना?’ असे विचारले की वर सांगितलेले ‘हो हो’ मिळते. काकू, मावशी, आजोबा, दादा ही हाक घरातले वातावरण बघून ठरवा. पंचेचाळिशीच्या माणसाला ‘आजोबा’ म्हटले तर तिथेच काम संपते.

आश्वासन द्यायचे नाही, हे प्रत्येकाकडून दहा वेळा म्हणवून घ्या. गटार, कचरा, गल्लीतला दिवा ही महापालिकेची कामे आहेत आणि निवडणूक आमदाराची. ‘आमचे उमेदवार करून देतील’ असे बोललात तर ते खोटे ठरते. ‘लिहून घेते, आज रात्री उमेदवारांकडे जाईल’ एवढेच म्हणा आणि ते खरोखर त्याच रात्री पोहोचवा. दुसऱ्या फेरीत ‘तुम्ही पाण्याचं सांगितलं होतं’ असे म्हणता आले तर ती भेट वाया जात नाही.

वाद घालू नका. कुणी दुसऱ्या पक्षाबद्दल तावातावाने बोलायला लागले तर दोन मिनिटे ऐका, ‘नाही’ लिहा, पुढे जा. तुमच्या तक्त्यात खरा ‘नाही’सुद्धा मोलाचा असतो, त्या दारावरचा पुढचा वेळ वाचतो.

जोडी शक्यतो एक मुलगी, एक मुलगा अशी ठेवा. घराच्या आत जायचे नाही, चहाला नाही म्हणायचे, पाणी आपली बाटली. एकट्याने जिना चढायचा नाही, मग जोडीदार पाच मिनिटांसाठी गेलेला का असेना. प्रत्येक जोडीने 7 वाजता आणि संपल्यावर एक संदेश टाकायचा. संदेश आला नाही तर पंधरा मिनिटांत फोन, फोन लागला नाही तर जवळच्या जोडीने तिथे जायचे. कुणी अंगावर आले, कुत्रे सोडले, हात धरला, तर इमारत सोडायची आणि त्या दिवशी परत जायचे नाही. मुलींच्या घरी वेळापत्रक आधी कळवा. आठव्या दिवशी घरच्यांनी बंदी घातली म्हणून मोडणाऱ्या जोड्या पुष्कळ असतात आणि तो दोष घरच्यांचा नसतो.

आणखी एक. मतदाराचे आधार, ओळखपत्र यांचे फोटो काढायचे नाहीत. फोन नंबर त्याने दिला तरच घ्यायचा आणि कशासाठी घेतो ते सांगायचे. तक्ता कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही. लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी त्यात आहेत.

खर्च_वही

आता उमेदवाराला गोत्यात आणणाऱ्या चुका. विद्यार्थी उत्साहात करतात त्या आधी.

एक, वर्गणी काढून पत्रके छापणे. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 176 खाली गुन्हा आहे, 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय तो खर्च उमेदवाराच्या हिशेबात यायला हवा आणि आलेला नसतो. महाराष्ट्रात विधानसभेला मर्यादा 40 लाखांची आहे. अपक्ष तिच्या जवळपासही जात नाही, अडचण असते ती न दाखवलेल्या खर्चाची. पैसे द्यायचेच असतील तर उमेदवाराच्या निवडणुकीसाठीच्या वेगळ्या बँक खात्यात देणगी म्हणून द्या आणि छपाई त्यांना करू द्या.

दोन, पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता नसणे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127 अ नुसार ते बंधनकारक आहे, आयोगाच्या सूचनेप्रमाणे प्रतींची संख्याही छापायची. शिक्षा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलांना वाटते हे छापखान्यासाठी आहे. पण हाताने नक्कल करण्याखेरीज प्रती काढण्याची कुठलीही पद्धत कायद्याने छपाईच धरली जाते. कॉलेजबाहेरच्या दुकानात काढलेल्या 50 झेरॉक्सही त्यात आल्या.

6 बूथांची 1,800 घरे धरली तर 2,200 पत्रके पुरतात. 10,000 छापून घेऊ नका, उरलेली शेवटच्या दिवशी रस्त्यावर पडतात आणि तक्रार तुमच्यावर येते.

तीन, टी-शर्ट. टोपी, गळ्यातला पट्टा, बिल्ला हिशेबात दाखवून चालतात. साडी, शर्ट असे मुख्य कपडे वाटणे आयोगाला मान्य नाही, ते मतदारांना लाच धरले जाऊ शकते. तुमचे विद्यार्थी स्वतःच त्या मतदारसंघाचे मतदार आहेत, हे विसरू नका. बिल्ला पुरेसा आहे.

चार, रोख. कार्यकर्त्याच्या गाडीत 50,000 रुपयांपेक्षा जास्त रोख किंवा 10,000 रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या भेटवस्तू सापडल्या तर जप्त होऊ शकतात. विद्यार्थ्याकडे वडापाव-चहाचे पाचशे रुपये असावेत, त्याहून जास्त नको. आणि त्या वडापावचेही बिल घ्या. श्रम फुकट असले तरी कार्यकर्त्यांचे खाणे, पेट्रोल, मांडव, भोंगा, सगळे जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याने ठरवलेल्या दराने मोजले जाते. खर्चाच्या नोंदवहीचे तीन भाग असतात: रोजचा खर्च पांढऱ्या पानांवर, रोख गुलाबी पानांवर, बँक पिवळ्या पानांवर. प्रचारकाळात ती किमान तीनदा तपासायला न्यावी लागते, निकालानंतर 30 दिवसांत अंतिम हिशेब. वाणिज्य शाखेचे दोन नीटनेटके विद्यार्थी पहिल्या दिवसापासून फक्त याच कामाला द्या. रात्री 9 ला बिले गोळा, 10 ला नोंद पूर्ण. चार दिवस साठली की आठवत नाही.

पाच, अकरावी-बारावीची मुले. कुणाचा भाऊ, कुणाची बहीण हौसेने येते. लहान मुलांना प्रचारात वापरण्याविरुद्ध आयोगाच्या 2024 च्या सूचना कडक आहेत: घोषणा, पत्रके, फेरी, काहीच नाही. 18 पूर्ण नसलेले कुणीही फोटोतसुद्धा दिसू नये. त्याचप्रमाणे राष्ट्रीय सेवा योजनेतून मतदान केंद्रावर मदतीला नेमलेला विद्यार्थी तुमच्या गटात नको. एकतर तो तटस्थ कामावर असेल किंवा प्रचारात असेल.

रील्सबद्दल: स्वतःच्या खात्यावर टाका. पैसे भरून जाहिरात चालवली की ती आधी प्रमाणित करून घ्यावी लागते आणि खर्चात धरावी लागते.

एक चांगला उपयोग सांगतो. अपक्षाला अर्जावर 10 सूचक (त्याचे नाव सुचवून सही करणारे) लागतात आणि ते त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. दहातल्या एकाचा भाग क्रमांक किंवा नाव चुकले की अर्ज बाद होऊ शकतो. एक उमेदवार 4 अर्जांपर्यंत भरू शकतो. तुमच्याकडे 22 स्थानिक मतदार आहेत, म्हणजे दोन अर्जांना दहा-दहा वेगळे सूचक. प्रत्येकाने आपले नाव यादीत जसे छापले आहे तसेच द्या, सही करण्यापूर्वी त्याच दिवशी यादीत बघून.

चौकातला_डफ

यादी फोडणाऱ्यांशी थोडा असहमत आहे. उमेदवार अनोळखी, चिन्ह नवे, आणि पहिल्या संध्याकाळपासून थेट दारात गेलात तर पहिली फेरी ‘कोण हे?’ यातच संपते. पहिले तीन दिवस चिन्ह डोळ्यांसमोर आणण्यावर घाला.

त्यासाठी सभा नको, पथनाट्य पुरे. 7 ते 8 मिनिटे, सहा जण, एक डफ. भाजी मंडईच्या तोंडाशी, बसथांब्याजवळ, रिक्षा स्टँडवर, संध्याकाळी 6:30 च्या सुमारास. चिन्ह नाटकात वस्तू म्हणून हातात असले पाहिजे, फक्त फलकावर नको. परवानगीचा अर्ज 48 तास आधी आयोगाच्या सुविधा पोर्टलवर करा, जागा आणि वेळ नेमकी लिहा. भोंगा लावणार असाल तर त्याची परवानगी वेगळी, आणि रात्री 10 ते सकाळी 6 बंद. शाळा-कॉलेजच्या आवारात, देवळा-मशिदीच्या प्रांगणात नको. दुसऱ्या उमेदवाराची नक्कल नको, त्याच्या खासगी आयुष्यावर एक शब्द नको. भिंतीवर काही रंगवू नका, महाराष्ट्रात विद्रूपीकरण प्रतिबंधाचा 1995 चा कायदा आहे आणि खासगी भिंतीलाही मालकाची लेखी संमती लागते.

यादी_फोडणारा

पथनाट्याला विरोध नाही, पण त्याच 6 बूथांच्या हद्दीत करा आणि सहाच जण घाला. उरलेल्या सात जोड्यांनी दारे सुरू ठेवावीत. मंडईत चिन्ह बघितलेल्या माणसाच्या दारात दुसऱ्याच दिवशी जोडी गेली तर तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे. आठवड्याने गेली तर तो विसरलेला असतो.

पहिला_प्रचार

खूप उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. दोन प्रश्न उरतात. वसतिगृहातल्या 10 जणांचे काय करायचे? आणि मतदानाच्या दिवशी कुणी कुठे थांबायचे?

सकाळी_पाच_वाजता

वसतिगृहातल्यांचे आधी. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी गावी किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, दोन्हींपैकी एका ठिकाणी मतदार होऊ शकतो. इथे नाव हवे असेल तर फॉर्म 8 भरून पत्ता बदलायचा आणि प्राचार्यांकडून किंवा संस्थाप्रमुखांकडून रहिवासाचे प्रमाणपत्र जोडायचे. ज्याचे कुठेच नाव नाही त्याने फॉर्म 6 भरावा. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या साधारण 10 दिवस आधीपर्यंतचे अर्ज उपयोगी पडतात, नंतरचे पुढच्या निवडणुकीला. दोन्ही ठिकाणी नाव ठेवणे गुन्हा आहे. फक्त प्रचारासाठी नाव हलवू नका, गावची जिल्हा परिषद, ग्रामपंचायत हातातून जाते. ज्याला खरोखर इथेच मत द्यायचे आहे त्यानेच हलवावे.

नाव हलले नाही तर त्यांचे काम मतदान संपण्याच्या 48 तास आधी, जाहीर प्रचाराबरोबर संपते. मतदारसंघाबाहेरून आलेल्या, तिथे मतदार नसलेल्या कार्यकर्त्यांनी त्यानंतर मतदारसंघ सोडायचा असतो आणि लॉज, कार्यालये तपासली जातात. वसतिगृहातल्या मुलाने आपल्या खोलीत राहावे, अभ्यास करावा, बिल्ला काढून ठेवावा आणि उमेदवाराच्या कार्यालयाकडे फिरकू नये. या 10 जणांना आधीच्या दिवसांत जास्त संध्याकाळी द्या आणि स्थानिकांना शेवटी मोकळे ठेवा.

त्या 48 तासांत सभा, फेरी, भोंगा, एकगठ्ठा संदेश काही नाही. स्थानिक कार्यकर्त्याने गाजावाजा न करता दारोदार जाणे चालते, चिठ्ठ्या तेव्हाच वाटून संपवा. चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदावर: मतदाराचे नाव, भाग, अनुक्रमांक, केंद्र. उमेदवाराचे नाव, चिन्ह, पक्ष काही नाही. चिन्हाचा शिक्का मारण्याचा मोह होतो आणि अख्खा गठ्ठा जप्त होतो. चिठ्ठी देताना एक वाक्य प्रत्येक दारात म्हणा: ही चिठ्ठी ओळखपत्र नाही. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट असे काहीतरी बरोबर हवे. वयस्क लोक नुसती चिठ्ठी घेऊन येतात, परत पाठवले जातात आणि उन्हात पुन्हा येत नाहीत.

आता 22 जणांची मांडणी. 6 बूथ म्हणजे 6 पोलिंग एजंट (बूथमध्ये उमेदवाराच्या वतीने बसणारे) आणि 6 बदली, एकूण 12. केंद्राबाहेरच्या आपल्या टेबलावर 4, घरांकडे 4, कार्यालयात 2.

पोलिंग एजंट शक्यतो त्याच भागाचा मतदार हवा, नसेल तर त्याच मतदारसंघाचा. एजंटाच्या नेमणुकीच्या फॉर्म 10 वर उमेदवाराची किंवा निवडणूक प्रतिनिधीची मूळ सही, झेरॉक्स नको. सगळे 12 फॉर्म दोन दिवस आधी भरून, भाग क्रमांक तपासून ठेवा. मतदान 7 ला असेल तर अभिरूप मतदान (यंत्र तपासण्याचे चाचणी मतदान) 90 मिनिटे आधी, म्हणजे 5:30 ला सुरू होते. एजंट आले नाहीत तर केंद्राध्यक्ष 15 मिनिटे थांबतो आणि पुढे जातो. म्हणून 5:15 ला शाळेच्या फाटकाशी. आदल्या रात्री जागरण होऊ देऊ नका.

अभिरूप मतदानात किमान 50 मते टाकली जातात. तीन गोष्टी डोळ्यांनी बघायच्या: निकाल टाकलेल्या मतांशी जुळला, नंतर यंत्रातली मते पुसून शून्य दिसले, आणि व्हीव्हीपॅटच्या (मताची कागदी चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या) पेटीतल्या चिठ्ठ्या काढून पेटी रिकामी दाखवली. मग कंट्रोल युनिटचा (मते साठवणाऱ्या यंत्राचा) क्रमांक आणि सीलचे क्रमांक वहीत उतरवा. घाईत हे राहते, आणि मतमोजणीला शंका आली तर हातात काहीच नसते.

बूथमध्ये बसून काय करायचे? यादीत ‘गेले’ आणि ‘मयत’ शेरा दिलेल्या नावांवर लक्ष ठेवायचे. त्या नावाने कुणी आले तर आक्षेप घेता येतो, आक्षेपाचे 2 रुपये भरावे लागतात आणि केंद्राध्यक्ष चौकशी करतो. पण तुमचा तक्ता चुकीचाही असू शकतो, म्हणून खात्री नसताना आक्षेप नको. खऱ्या मतदाराला चारचौघांत तोतया ठरवणे वाईट आहे. खुणा केलेली यादी बाहेर न्यायची नाही आणि कुणी मतदान केले याचे अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहून बाहेर पाठवायचे नाहीत. ही सवय पक्षांत जुनी आहे, तरीही मनाई आहे. मोबाइल आत नाही.

मतदान संपल्यावर फॉर्म 17 सी ची प्रत सही करून घेतल्याशिवाय उठू नका. त्यावर एकूण मतांचा आकडा असतो आणि मतमोजणीच्या टेबलावर तोच ताडून बघायचा असतो. दुपारनंतर कंटाळून निघून गेलेल्या एजंटाच्या उमेदवाराकडे हा कागद नसतो. तुमच्या मुलांच्या चिकाटीचा खरा कस इथे लागतो.

केंद्रापासून टेबलाचे अंतर पूर्वी 200 मीटर होते, 2025 मध्ये आयोगाने ते 100 मीटर केले. एकाच शाळेत अनेक बूथ असले तरी उमेदवाराला टेबल एकच मिळते, एक टेबल आणि दोन खुर्च्या. सहा बूथ एकाच इमारतीत घ्या असे वर म्हटले आहे त्याचे कारण हेच, एका टेबलावर सगळे भागते. चार जणांनी दोन-दोन तासांच्या पाळ्या करा. इमारतीप्रमाणे लावलेला तक्ता इथे कामी येतो: माणूस नाव सांगतो, तुम्ही अनुक्रमांक आणि खोली क्रमांक सांगता. टेबलावर आलेल्यांच्या नावांवर रेघ मारत जा. दुपारी 1 आणि 3:30 ला ‘हो’पैकी कोण आले नाही ते बघून घरांकडच्या चौघांना पाठवा. त्यांनी ‘मतदान झालं का?’ एवढेच विचारायचे.

कुणालाही गाडीवर बसवून आणायचे नाही. उमेदवाराच्या वतीने मतदारांची ने-आण करणे कलम 133 खाली गुन्हा आहे आणि आजींना स्कूटरवर आणणारा विद्यार्थी भल्या हेतूने त्यात सापडतो. दिव्यांगांसाठी आयोगाच्या सक्षम ॲपवर आधीच वाहन मागता येते. 85 वर्षांवरील आणि 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना घरून मतदानाची सोय आहे, पण त्यासाठीचा फॉर्म 12 डी अधिसूचनेपासून 5 दिवसांत द्यावा लागतो. तुमची दारोदार फेरी सुरू होईपर्यंत ती मुदत संपलेली असते. यादी फोडतानाच वयाचा रकाना बघा, 85 च्या पुढची नावे वेगळी काढा आणि अधिसूचनेनंतरच्या त्या पाच दिवसांत त्या घरी जा, प्रचार न करता, फक्त फॉर्मची माहिती द्यायला. 6 बूथांत अशी घरे फार नसतात, दोन संध्याकाळी दोन जोड्या पुरतील.